वेषांतर आणि रूपांतर : एका सामुराई चित्रकथेच्या निमित्ताने

परकीय वाङ्मयातील नायक एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत नेला म्हणजे त्याचे नेमके काय होते, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसिता'त हॅम्लेटला मराठी बोलावयास लावले, देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला, आणि तेव्हापासून भाषांतर, रूपांतर, आधारित व स्वतंत्र या शब्दांच्या सीमारेषांवरून आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्या चर्चेत एक शब्द मात्र आम्हांस फारसा आढळला नाही. तो म्हणजे वेषांतर. पुष्कळदा ज्यास आपण रूपांतर म्हणून गौरवितो ते केवळ वेषांतर असते. नायकाचे नाव बदलते, पागोटे बदलते, गाव बदलते; परंतु त्याच्यापुढचा पेच जेथला तेथेच राहतो. खऱ्या रूपांतरात प्रथम पेच बदलतो, आणि मग त्या पेचास साजेसे पागोटे आपोआप डोक्यावर येते.

हा विचार पुन्हा करण्यास निमित्त झाले ते एका चित्रकथेचे. चित्रकथा म्हणताच आपल्या अध्यापक-बंधूंच्या कपाळावर आठी चढते, हे आम्ही जाणतो. विद्यार्थी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचतात ती वस्तू अकादमीच्या पत्रिकेत कशासाठी, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, विद्यार्थ्यांच्या मनातील वीरपुरुष आज बहुतांशी या दारानेच आत येतो, आणि ज्या दाराने तो येतो तिकडे आपण फिरकायचेच नाही, हे वाङ्मयाच्या अध्यापकास शोभत नाही. शिवाय ही ओळख आजची नव्हे. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकचा फँटम आपल्याकडे आणला तो वेताळ हे नाव देऊन. नाव मोठे युक्तीने योजलेले होते. परंतु विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ प्रश्न विचारतो आणि हा वेताळ ठोसे लगावतो, एवढा फरक त्या नावाने काही मिटला नाही. ते वेषांतर होते, आणि तेही निम्मेच.

उलट बाजूचे उदाहरण पाहावयाचे तर जपानी दिग्दर्शक कुरोसावा याने १९५७ साली मॅक्बेथच्या कथेवर केलेला चित्रपट पाहावा. तेथे मॅक्बेथ सामुराई झाला आहे, किल्ला जपानी आहे, तीन चेटकिणींच्या जागी अरण्यात चरखा फिरविणारी एकच पिशाच्चसदृश आकृती आहे. पण खरा बदल शेवटी येतो. शेक्सपिअरचा मॅक्बेथ मॅक्डफच्या तलवारीने मरतो. कुरोसावाचा नायक आपल्याच तिरंदाजांच्या बाणांनी विंधला जातो. स्वामिद्रोहाने गादी मिळविणाऱ्याचा शेवट त्याच्या सेवकांनीच करावा, हा निर्णय जपानी समाजरचनेच्या पोटातून आलेला आहे. पेच बदलला म्हणून मरण बदलले. रूपांतराची यापेक्षा चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

आता अमेरिकन चित्रकथांतील जो सुपरहीरो, म्हणजे १९३८ साली सुपरमॅनपासून जन्मास आलेला अतिमानवी नायक, त्यास सामुराई करावयाचे म्हणजे काय करावयाचे? सोपा मार्ग उघड आहे. त्याच्या अंगावर चिलखत चढवावे, कमरेला दोन तलवारी लटकवाव्या, मागे चेरीचा बहर काढावा आणि मोकळे व्हावे. २०१८ साली खुद्द जपानात निघालेल्या 'बॅटमॅन निन्जा' या चित्रपटात बॅटमॅन कालयंत्राच्या योगाने मध्ययुगीन जपानात जाऊन पडतो, त्याचे नेहमीचे वैरी तेथे सरदार होऊन बसलेले असतात, आणि शेवटी किल्ल्यांचे यंत्रमानव होऊन एकमेकांशी झुंजतात. रेखाटन देखणे आहे, मौज वाटते, आणि मौजेपलीकडे काही देण्याचा त्याचा दावाही नाही. बॅटमॅनला तेथे असा एकही प्रश्न पडत नाही जो त्याला त्याच्या स्वतःच्या शहरात पडला नसता.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. मुखवटाधारी वीर आणि सामुराई यांची सांगड ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. ओसारागी जिरो या जपानी कादंबरीकाराने १९२४ पासून 'कुरामा तेंगू' नावाचा काळे शिरोवेष्टन बांधून वावरणारा तलवारबहाद्दर लोकप्रिय केला होता. म्हणजे १९३९ साली बॅटमॅन जन्मण्यापूर्वी पंधरा वर्षे. इतकेच नव्हे, तर त्या वीराच्या सोबतीस सुगिसाकू नावाचा, रस्त्यावर कसरतीचे खेळ करणारा एक पोरगा आहे. आणि बॅटमॅनचा बालसोबती रॉबिन, जो १९४० साली अवतरला, तोही सर्कशीतलाच कसरतपटू! कोणी कोणाचे घेतले असे आम्ही म्हणत नाही. पोरक्या कसरतपटूला वीराच्या पाठीशी उभे करण्याची इच्छा दोन समुद्रांच्या दोन काठांवर स्वतंत्रपणे व्हावी, हेच अधिक नवलाचे आहे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती शब्दाच्या व्युत्पत्तीतच दडलेली आहे. सामुराई हा शब्द सेवा करणे, हुजुरास असणे या अर्थाच्या जपानी क्रियापदापासून झाला. सामुराई म्हणजे ज्याला धनी आहे तो. खाल्ल्या मिठाला जागणारा. धनी गेला की तो रोनिन होतो, लाटेवर भटकणारा होतो. अमेरिकन सुपरहीरोला मुळात धनीच नसतो. तो कोणाची चाकरी करीत नाही, कायद्याचीही नाही. त्याची सदसद्विवेकबुद्धी हाच त्याचा दरबार. दुसरी अडचण मरणाची. अठराव्या शतकाच्या आरंभी यामामोतो त्सुनेतोमोच्या मुखातून उतरलेल्या 'हागाकुरे' या ग्रंथापासून सामुराईच्या आचाराची जी मांडणी प्रसिद्ध आहे, तिचा कणा म्हणजे केव्हाही मरण्याची सिद्धता. आणि सुपरहीरो तर मरत नाही. मेलाच तर पुढच्या वर्षी परत येतो. सेवेवाचून आणि मरणावाचून सामुराई कसा उभा करावयाचा?

या प्रश्नाला आजवर मिळालेले सर्वांत गंभीर उत्तर, आमच्या मते, १९८२ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मार्व्हल संस्थेने प्रसिद्ध केलेल्या चार अंकी 'वुल्व्हरिन' या लहानशा चित्रकथेत आहे. लेखक ख्रिस क्लेरमाँट, रेखाटनकार फ्रँक मिलर, रेखाटनावर शाई चढविणारा जोसेफ रुबिनस्टीन. वुल्व्हरिन ऊर्फ लोगन हे पात्र १९७४ साली हल्कच्या मासिकात प्रथम आले व पुढील वर्षी एक्स-मेन या मंडळात दाखल झाले. ठेंगणा, केसाळ, तापट, सिगार ओढणारा हा कॅनडियन. त्याच्या हाडांवर अभेद्य धातूचा लेप, मनगटांतून बाहेर येणारे तीन तीन पाते, आणि कोणतीही जखम पाहता पाहता भरून काढणारे शरीर. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा अव्वल धीरोद्धत नायक. लोगन हा फसलेला सामुराई होय, ही क्लेरमाँटची मूळ कल्पना. आणि या चार अंकांत धीरोद्धताला धीरोदात्त होण्याच्या वाटेवर लोटून दिलेले आहे. त्याच्या अंगावर चिलखत चढविल्याने त्याला सामुराई होता येईल, असा भ्रम लेखकाने किंवा चित्रकाराने बाळगलेला नाही.

कथा थोडक्यात अशी. लोगनचे मारिको यशिदा या जपानी कुलीन स्त्रीवर प्रेम आहे. त्याची पत्रे न उघडता परत येऊ लागतात, म्हणून तो जपानला जातो, तो तिचे लग्न झालेले. मेला असे समजलेला तिचा पिता शिंगेन परत आला आहे, आणि पित्याचे देणे फेडण्यासाठी तिने एका हीन माणसाची पत्नी होणे पत्करले आहे. नवरा तिला मारहाण करतो. तिच्या चेहऱ्यावरचे वळ लोगन पाहतो. त्याच्या मनगटातील सहा पाती हा प्रश्न एका क्षणात सोडवू शकतात. मारिको त्याला नको म्हणते. कथेचा पेच येथे बदलला, हे वाचकांच्या ध्यानी येईल. सुपरहीरोच्या कथेत प्रश्न असतो तो 'हे त्याला जमेल काय?' हा. येथे जमण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो 'हे त्याने करावे काय?' असा.

यानंतर येणारा प्रसंग या चित्रकथेचा प्राण आहे. विषाने गुंगवलेला लोगन शुद्धीवर येतो तो शिंगेनच्या दालनात, मारिकोच्या समक्ष. शिंगेन त्याच्या हाती लाकडी तलवार देतो. जपानी भाषेत तिला बोक्केन म्हणतात, आणि तालमीत तिचाच उपयोग करतात. लोगनला वाटते ही तालीमच आहे. शिंगेन मात्र मर्मस्थानावर घाव घालीत आहे. दुसरा माणूस केव्हाच मेला असता. लोगनचे शरीर मरत नाही, परंतु त्याला वेदना होते, संताप येतो, आणि त्या संतापात तो पाती बाहेर काढतो. बस्स, तेथे तो हरला. लाकडाविरुद्ध पोलाद उपसणारा माणूस मारिकोला दिसतो. समोरचा घाव प्राणघातक होता हे तिला दिसत नाही. शिंगेन त्याला त्याच लाकडाने लोळवितो आणि मुलीला विचारतो की, तू जीव लावलास तो हाच काय? हा माणूस नव्हे, हे जनावर आहे.

मरणाची अडचण लेखकाने येथे किती नेमकी ओलांडली आहे! ज्याचे शरीर मरू शकत नाही त्याला मारावयाचे तर त्याची प्रतिष्ठा मारली पाहिजे, आणि तीही प्रिय व्यक्तीच्या डोळ्यांदेखत. आपोआप भरून येणारी जखम हे आजवर लोगनचे बळ होते. तेच आता निरुपयोगी ठरते, कारण ही जखम भरून येणारी नाही. शिंगेन लबाडी करतो हे खरे. पण लोगन हरतो तो लबाडीने नव्हे, तो हरतो ते स्वतःवरचा ताबा सुटल्याने. मिलरची रेखाही येथे फार संयमाने वागते. उंच, अरुंद चौकटी, मोकळी जमीन, आणि एका बाजूस निश्चल बसलेली मारिको. हाणामारी पाहण्यास उत्सुक असलेल्या बालवाचकाचा डोळा नकळत त्या निश्चल आकृतीकडे वळतो.

दुसऱ्या अंकाचे शीर्षक मराठीत आणावयाचे तर 'ऋणे आणि बंधने' असे आणावे लागेल. जपानी भाषेत गिरि म्हणून जो शब्द आहे, त्याचा अर्थ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. त्याच्या विरुद्ध बाजूस निंजो, म्हणजे माणसाच्या मनाची सहज ओढ. चिकामात्सुची नाटके या दोहोंच्या ओढाताणीवर उभी आहेत. मराठी वाचकास हा पेच समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागत नाहीत, कारण पितृऋण हा शब्द आपल्या घरात आहे. अमेरिकन बालवाचकास मारिको घर सोडून का जात नाही हे कोडे वाटले असेल. आपल्याकडील शाळकरी मुलीस तसे वाटणार नाही, आणि ही गोष्ट सर्वस्वी समाधानाची आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

चौथ्या अंकाच्या शीर्षकाचे भाषांतर यापेक्षा कठीण आहे. इंग्रजीत एकच शब्द आहे. आपल्याकडे त्याला तीन आहेत. मान हा लोकांनी दिलेला असतो. अब्रू ही लोक घेऊ शकतात अशी वस्तू. आणि इमान हे आपण दुसऱ्यास वाहिलेले असते. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही, आपले आपणच मोडू शकतो. सामुराईपाशी तिसरी गोष्ट असावी लागते. शिंगेनच्या दालनात लोगनची गेली ती दुसरी, आणि शेवटी त्याला परत मिळते ती पहिली. इंग्रजी शब्दाने या तिन्ही गोष्टी एकाच झोळीत भरल्या, आणि आमच्या मते त्या गफलतीतूनच कथेचा पुढील दोष उद्भवला आहे. तो दोष सांगण्यापूर्वी मधल्या दोन स्थळांबद्दल लिहिले पाहिजे.

पहिले स्थळ काबुकी नाटकाचे. शिंगेनचा प्रतिस्पर्धी कात्सुयोरी याच्या वाड्यात तहाच्या निमित्ताने प्रयोग होतो, तो सत्तेचाळीस रोनिनांच्या प्रसिद्ध कथेचा, 'चुशिंगुरा'चा. नटांच्या हातांतील तलवारी खऱ्या असतात आणि नट मारेकरी निघतात. लोगन बेभान होऊन त्यांची कत्तल करतो, आणि पुन्हा एकदा मारिको त्याचे पशुरूप पाहते. रंगमंचावर स्वामिनिष्ठेची परमावधी चालली आहे, आणि तिच्यातूनच खून बाहेर पडतो, ही योजना खरोखर सुंदर आहे. पण याच स्थळी लेखकाची घाईही उघडी पडते. शिंगेन आणि कात्सुयोरी ही नावे जपानी इतिहासात बाप-लेकांची आहेत: ताकेदा शिंगेन १५७३ साली वारला, आणि त्याचा पुत्र कात्सुयोरी १५७५ साली नागाशिनोच्या रणांगणात पराभूत झाला. येथे ती दोन परस्परवैरी गुन्हेगारांस चिकटविली आहेत. कोणा परदेशी लेखकाने मराठी कथा लिहून तीतील दोन भांडखोर टोळीप्रमुखांस शहाजी व शिवाजी अशी नावे द्यावी, तसा हा प्रकार झाला. यशिदा हे आडनाव जपानात ऐकिवात नाही, योशिदा आहे. युकिओ हे नाव सहसा पुरुषाचे, ते येथे एका मारेकरी तरुणीस दिले आहे. लोगनचा मित्र असानो किमुरा याच्या नावात तर दोन्ही शब्द आडनावेच आहेत. गंमत अशी की ज्या धन्यासाठी सत्तेचाळीस रोनिनांनी सूड उगविला त्याचेही आडनाव असानो. आणि या कथेतही असानोचा खून होतो व लोगनचा क्रोध त्यामुळे पेटतो. हे हेतुपूर्वक असेल तर लेखकास दाद दिली पाहिजे. भोवतालची बाकीची नावे पाहता तसा भरवसा वाटत नाही.

अशा चुका काढणे हा मास्तरी स्वभाव आहे, हे मान्य. परंतु त्यांचे मूळ पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य जगाची सामुराईविषयीची समजूत पुष्कळशी ज्या पुस्तकावर पोसली ते 'बुशिदो' हे पुस्तक इनाझो नितोबे यांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेत राहून, इंग्रजीत, परक्या वाचकांसाठी लिहिले. धर्मशिक्षणावाचून तुम्ही मुलांस नीती कशी शिकविता, या एका युरोपीय विद्वानाच्या प्रश्नाने आपण विचारात पडलो, असे नितोबे सांगतात. म्हणजे परक्यास समजावे म्हणून एका जपान्याने आपल्या वीरास आधीच एकदा सोवळे नेसविले होते; त्यावरून क्लेरमाँटसारख्यांनी घेतलेली ही दुसरी प्रत. दोन भाषांतरांतून गाळून आलेल्या सामुराईत इतका जीव शिल्लक राहावा, हेच विशेष.

दुसरे स्थळ तिसऱ्या अंकातील बागेचे. मारेकऱ्यांशी झालेल्या झुंजीत झेन पंथाच्या रीतीने मांडलेली दगड-वाळूची बाग उद्ध्वस्त होते. झुंज संपल्यावर लोगन तेथेच गुडघे टेकून बसतो आणि दगड पुन्हा लावू लागतो. ज्या हातांतून पाती निघतात ते हात वाळूवर रेघा ओढीत आहेत. बाग पूर्वीसारखी होणार नाही, हे त्याला कळते. लावीत राहणे मात्र आपल्या हाती आहे, हेही कळते. मी जनावर असेन, पण माणूस होण्याचा यत्न करणारे जनावर आहे, अशा काही निश्चयाशी तो येतो. आमच्या दृष्टीने सामुराई या कथेत कोठे जन्मत असेल तर येथे. वीररसाचे जे चार भेद विश्वनाथाने सांगितले, त्यांतील युद्धवीर येथे क्षणभर धर्मवीर होतो, आणि तेही हाती शस्त्र नसताना. चित्रात दोन घटका थांबावे असे वाटते. दुर्दैवाने थांबता येत नाही, कारण लोगन स्वतःच सारे बोलून दाखवितो. चौकटीच्या कोपऱ्यांत त्याचे आत्मनिवेदन अखंड चालू असते. चित्राने सांगितलेले शब्दाने पुन्हा सांगावे, ही क्लेरमाँटची सवय. रसिकाच्या हाती काही शिल्लक ठेवावे हे त्याला सुचत नाही.

आता शेवटाकडे वळू. लोगन शिंगेनच्या अफूच्या धंद्यावर घाला घालतो, त्याच्या वाड्यात शिरतो, आणि पितळ उघडे पडलेल्या शिंगेनशी त्याचे द्वंद्व होते. ही पाने मिलरने फार ताकदीने काढली आहेत. शब्दांचा ओघ येथे आटतो आणि पहिल्यानेच चित्रास श्वास घेण्यास जागा मिळते. शिंगेन मरतो. मारिको खानदानी तलवार हाती घेऊन येते. लोगनला वाटते, आता पित्याच्या सुडासाठी ही आपल्यावर वार करणार. ती सांगते की, पित्याने कुळास काळिमा लावला होता, त्याला स्वतः मारून मग आपणही मरावे असे मी ठरविले होते. आणि ती तलवार ती लोगनच्या हाती देते. नवरा तत्पूर्वीच युकिओच्या हातून मेलेला आहे. शेवटच्या पानावर लग्नाची निमंत्रणे जातात.

येथे आमचा आक्षेप आहे. गिरि आणि निंजो यांचा पेच तेव्हाच खरा असतो जेव्हा दोन्ही बाजू खऱ्या असतात. ज्याचे ऋण फेडावयाचे तो पिताच अफूचा व्यापारी ठरविला, म्हणजे ऋण आपोआप बुडाले. नवरा दुसऱ्याच्या हातून मारविला, म्हणजे तेही बंधन तुटले. आणि लोगनने काय दिले? काही नाही. चुशिंगुरेतील रोनिनांनी धन्याचा सूड घेतला, आणि १७०३ साली त्यांपैकी सेहेचाळीस जणांनी शासनाच्या आज्ञेने सेप्पुकु करून त्याची किंमत मोजली. त्यांचे करणे योग्य होते असे लोक म्हणत होते, आणि तरीही त्यांना मरावे लागले. या दोन वाक्यांमधील अंतरात ते नाटक अडीचशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. लेखकाने हेच नाटक आपल्या दुसऱ्या अंकात रंगमंचावर आणले आणि त्याचा शेवट मात्र चौथ्या अंकात विसरला.

यात दोष एकट्या क्लेरमाँटचा आहे असे नाही. सामुराईची कथा शेवटावर उभी असते. कसा मेला यावरून कसा जगला हे ठरते. सुपरहीरोची कथा शेवट न होण्यावर उभी असते, कारण पुढच्या महिन्याचा अंक छापावयाचा असतो. लोगनला कायमचे काही गमावू देण्याची मोकळीक लेखकास नव्हती, आणि कायमचे काही मिळवू देण्याचीही नव्हती. १९८३ साली एक्स-मेनच्या मासिकात ते लग्न लागता लागता मोडले. चार अंकांच्या अखेरीस जो मान मिळाला तो वर्षभरात परत घेतला गेला, आणि नायक होता त्या जागी, नव्या अंकांसाठी मोकळा झाला. मिलरने मात्र त्याच वर्षी 'रोनिन' नावाची स्वतंत्र चित्रकथा सुरू केली; तीत नायकाला कोणत्याही मासिकात परत जावयाचे नव्हते. आमच्या मते हा योगायोग नव्हे.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप रक्तपातावर आहे. तो खरा आहे, आणि खालच्या वर्गांतील मुलांच्या हाती हे पुस्तक देण्यास आम्हीही धजणार नाही. वरच्या वर्गांत मात्र झुंझाररावाशेजारी ठेवून ते शिकविण्यासारखे आहे. पेच कोठे बदलला आणि कोठे नुसता पोशाख बदलला, हे विद्यार्थ्यांना दोन्हींतून शोधून काढावयास सांगावे.

आणि एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा: या कथेतील सामुराई कोण? मुले अर्थातच लोगनचे नाव घेतील, कारण मुखपृष्ठावर बोटाने खुणावीत तोच उभा आहे. पण सामुराईच्या ज्या दोन अटी आम्ही आरंभी सांगितल्या, त्या त्याला लावून पाहाव्या. त्याला धनी नाही, आणि त्याला मरण नाही. मारिकोला दोन्ही आहेत. पित्याच्या शब्दाखातर तिने मार खाल्ला. पिता इमानास मुकला असे दिसताच त्याला मारण्याचा आणि मागोमाग स्वतः मरण्याचा निश्चय तिनेच केला. तो निश्चय तिने कोणत्या रात्री केला, त्या वेळी ती तलवार कोठे होती, तिच्या हातास ती जड वाटली काय, यांतील एकही चौकट मिलरने काढली नाही आणि एकही ओळ क्लेरमाँटने लिहिली नाही. हे सारे आपणांस तिच्या तोंडच्या दोनतीन वाक्यांतून, काम दुसऱ्याने उरकल्यावर, कळते.